वनस्पतीला उजेड कळतो कसा : गावातल्या साहित्यातून करून पाहण्याची रीत

काही वर्षांपूर्वी रानडुकरांनी सोयाबीनची फार नासाडी केली, म्हणून आम्ही वावराच्या धुऱ्यावर खांब रोवून रात्रभर जळणारा एक मोठा दिवा लावला. डुकरांना त्याचा धाक किती बसला हे सांगणे कठीण आहे. परंतु सोंगणीच्या वेळी सगळे वावर पिवळे पडून पानगळ झालेली असताना दिव्याभोवतीच्या वीस-पंचवीस पावलांतले सोयाबीन मात्र हिरवेगार उभे होते. त्याला शेंगा थोड्या होत्या आणि ज्या होत्या त्याही कोवळ्या होत्या. खत जास्त पडले असेल असे एकाचे मत पडले, बियाण्यात भेसळ असेल असे दुसऱ्याचे. वास्तविक माती तीच होती आणि बियाणेही एकाच पोत्यातले होते. फरक एवढाच होता की त्या झाडांना त्या हंगामात रात्र अशी मिळालीच नव्हती.

झाड उजेडावर अन्न तयार करते आणि त्यासाठी त्याच्याजवळ हरितद्रव्य असते, हे आपण शाळेत शिकतो. पण उजेड आहे की नाही, तो कोणत्या बाजूने येतो आहे, त्यात कोणता रंग जास्त आहे आणि रात्र किती लांब आहे, हे ओळखण्याचे काम हरितद्रव्य करीत नाही. त्यासाठी वनस्पतीजवळ निराळी रंगद्रव्ये असतात. ती इतकी अल्प असतात की पानाकडे पाहून त्यांचा रंग कधीच दिसत नाही, तरीही झाडाचा सगळा दिनक्रम त्यांच्या हातात असतो. या रंगद्रव्यांचे रसायनशास्त्र समजून घेण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मूग, गहू, पळसाची पाने, एक लोखंडी पेटी आणि पुष्कळ काळजी एवढ्यावर ते बरेचसे डोळ्यांसमोर आणता येते. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेता येईल अशा बेताने ही रीत खाली दिली आहे.

आधी रंगद्रव्यांची ओळख

यांतील सर्वांत महत्त्वाचे रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. हे एक मोठे प्रथिन असून त्याच्या खोबणीत फायटोक्रोमोबिलिन नावाचा एक रंगीत रेणू बसलेला असतो. प्रथिनातील सिस्टीन या घटकाच्या गंधकाशी तो पक्क्या बंधाने जोडलेला असतो. या रेणूत चार छोटी वलये एका माळेत ओवल्यासारखी असतात. झाड हा रेणू नव्याने घडवीत नाही. रक्ताला लाल रंग देणारे जे हीम असते तेच वनस्पतीच्या पेशीतही असते, त्याचे गोल कडे एका ठिकाणी तोडून ते उलगडले जाते, त्यातून बिलिव्हर्डिन तयार होते आणि पुढे त्याचे फायटोक्रोमोबिलिन होते. मार लागल्यावर अंगावर उठलेला काळा-निळा डाग चार दिवसांनी हिरवट दिसू लागतो, तो रंग याच बिलिव्हर्डिनचा असतो. आपल्या शरीरात त्याचे पुढे पिवळे बिलिरुबिन होते, आणि ते साचले की कावीळ दिसते.

हे नाते केवळ नावापुरते नाही. काविळीच्या नवजात बाळाला दवाखान्यात निळ्या उजेडाखाली ठेवतात, हे खेड्यातल्या पुष्कळ आयांनी पाहिलेले असते. तेथे घडते ते असे, की उजेड पडताच बिलिरुबिनच्या रेणूतील एका दुहेरी बंधाभोवती रेणूचा एक भाग फिरतो, रेणूचा आकार बदलतो आणि बदललेला रेणू शरीराला बाहेर टाकता येतो. फायटोक्रोममध्येही अगदी याच जातीची घटना घडते. माळेतल्या तिसऱ्या आणि चौथ्या वलयांना जोडणाऱ्या पुलावर एक दुहेरी बंध आहे. रेणूने लाल उजेड शोषला की त्या बंधाभोवती चौथे वलय फिरते. ही पहिली हालचाल सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात होते; नंतर प्रथिन सावकाश, म्हणजे काही सहस्रांश सेकंदांत, आपली घडी बदलते.

घडी बदलली की रंगही बदलतो, आणि खरी गंमत येथेच आहे. मूळ रूप ६६० नॅनोमीटरच्या (हे उजेडाच्या लहरीच्या लांबीचे माप, त्यावरून उजेडाचा रंग ठरतो) आसपासचा लाल उजेड सर्वांत जास्त शोषते आणि वेगळे काढले असता निळे दिसते. बदललेले रूप ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड शोषते आणि हिरवट दिसते. ७३० नॅनोमीटरचा हा प्रकाश आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. याला येथे दूर-लाल म्हणू. त्याने पहिले रूप पुन्हा मिळते. म्हणजे लाल उजेडाने कळ चालू होते आणि दूर-लाल उजेडाने बंद होते. दोन्ही रूपांचे शोषण थोडे एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे कितीही लाल उजेड दिला तरी साधारण ८५ ते ८८ टक्केच रेणू चालू रूपात जातात. चालू रूप पेशीच्या केंद्रकात शिरते आणि खोड लांबविण्याचा आदेश धरून बसलेली काही प्रथिने नष्ट करविते. अंधारात हे चालू रूप हळूहळू आपोआपही मावळते, आणि रात्र उबदार असेल तर ते लवकर मावळते. फायटोक्रोम अशा रीतीने उष्णताही जोखते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सविल येथील केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली लेट्यूस या पालेभाजीच्या बियांवर हा खेळ प्रथम नीट मांडला. लाल उजेड दिल्यावर सुमारे ७० टक्के बिया उगवल्या, लालनंतर दूर-लाल दिल्यावर सुमारे ६ टक्केच उगवल्या, आणि पुन्हा लाल दिल्यावर उगवण परत वर गेली. कितीही वेळा आलटून पालटून दिले तरी शेवटचा उजेड कोणता होता एवढेच बीज लक्षात ठेवीत होते. १९५९ साली त्याच केंद्रात, अंधारात वाढविलेल्या मक्याच्या कोंबांमध्ये हे रंगद्रव्य यंत्राने प्रत्यक्ष मोजले गेले. अंधारातले कोंब त्यांनी विचारपूर्वक घेतले होते. हिरव्या पानातले हरितद्रव्य लाल उजेड स्वतःच गिळून टाकते आणि मोजमापात आडवे येते. अंधारातल्या फिकट कोंबात ते नसते आणि फायटोक्रोम मात्र भरपूर असते.

दुसरी दोन रंगद्रव्ये निळ्या उजेडाची आहेत. क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रॉपिन या दोहोंच्या पोटात ब-२ जीवनसत्त्वापासून झालेला पिवळा फ्लेव्हिन रेणू असतो. क्रिप्टोक्रोमचा फ्लेव्हिन निळ्या उजेडात एक इलेक्ट्रॉन घेतो. फोटोट्रॉपिनचा फ्लेव्हिन शेजारच्या सिस्टीनच्या गंधकाशी तात्पुरता बंध बांधतो आणि अंधार झाला की काही मिनिटांत तो बंध आपोआप सुटतो. कोंब उजेडाकडे वाकतो तो फोटोट्रॉपिनमुळे.

अंधार कसा तयार करावा

या सगळ्या प्रयोगांत उजेड देणे सोपे आहे आणि अंधार राखणे अवघड. अंधारात वाढलेल्या कोंबातील फायटोक्रोम इतके हळवे असते की दाराच्या फटीतून आलेली एक तिरीपही त्याला पुरते. माझे पहिले दोन प्रयत्न याच कारणाने वाया गेले. मी धान्याच्या खोलीला पुरेसा अंधार समजलो होतो. कौलांच्या सांध्यांतून दुपारी चार ठिपके जमिनीवर पडत होते, ते मला संध्याकाळी कसे दिसणार?

लग्नातली जुनी लोखंडी पेटी यासाठी उत्तम. तिच्या झाकणाच्या कडेला आतून काळ्या कापडाची दुहेरी पट्टी चिकटवावी, पेटी बंद करून वर घोंगडी टाकावी आणि ती घरातील सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. पेटीतला अंधार तपासण्याची खात्रीची युक्ती अशी की, प्रत्यक्ष प्रयोगाच्या आधी तिच्यात मुगाची एक वाटी चार दिवस ठेवावी. सगळे कोंब सरळ किंवा वेडेवाकडे, कोणत्याही एका बाजूचा कल न धरता वाढले असतील तर अंधार पक्का आहे. सगळे एकाच बाजूला झुकले असतील तर त्या बाजूला फट आहे, आणि ती आपल्याला दिसत नसली तरी कोंबांनी दाखविली आहे.

पाणी सुरुवातीलाच पुरेसे द्यावे, म्हणजे मध्ये पेटी उघडावी लागत नाही. उघडावीच लागली तर रात्री, वीज गेलेली असताना किंवा खोलीचे दिवे मालवून उघडावी आणि हिरव्या एलईडीच्या छोट्या दिव्यावर हिरव्या जिलेटीन कागदाच्या पाच-सहा घड्या बांधून त्याच्या मंद उजेडात, मिनिटभरातच काम उरकावे. हिरवा उजेडही पूर्ण निरुपद्रवी नसतो, फक्त ही रंगद्रव्ये तो कमी शोषतात. मोबाइलचा पडदा मात्र पेटीजवळ अजिबात नेऊ नये.

हंगामाचेही भान ठेवावे. वैशाखात टिनाच्या छताखाली पेटी तापते, मूग सडतो आणि वर सांगितल्याप्रमाणे उष्णतेने फायटोक्रोमचे चालू रूपही लवकर मावळते, त्यामुळे दोन दिवसांच्या निकालांचा मेळ बसत नाही. विदर्भात दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ या कामाला सर्वांत चांगला. सर्व वाट्या शक्यतो एकाच पेटीत ठेवाव्यात, म्हणजे उष्णता सर्वांना सारखी मिळते.

बियांबाबत एक सूचना अत्यंत आवश्यक आहे. पेरणीसाठी विकत आणलेले, औषध चोळलेले गुलाबी किंवा निळे बियाणे मुलांच्या हाती देऊ नये. घरातल्या खाण्याच्या धान्यातले टपोरे दाणे निवडून घ्यावेत.

रंगद्रव्याचे नातलग वाटीत पाहावेत

फायटोक्रोम घरी वेगळे काढता येत नाही. पण त्याचा अगदी जवळचा भाऊ पाहता येतो. औषधाच्या दुकानात मिळणारी स्पिरुलिनाची भुकटी ही एका निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवाची असते. तिच्यातील फायकोसायनिन या प्रथिनात जो रंगीत रेणू असतो, तो फायटोक्रोमोबिलिनपेक्षा केवळ एका बाजूच्या गटात वेगळा आहे: एकात व्हिनिल गट, तर दुसऱ्यात एथिल. अर्धा पेला थंड पाण्यात चमचाभर भुकटी ढवळून रात्रभर माठाच्या सावलीत ठेवावी. सकाळी वरचे पाणी न हलवता सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळावे. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नसल्याने ते गाळात राहते आणि खाली स्वच्छ निळे पाणी मिळते. काचेच्या पेल्यात ते घेऊन बाजूने बॅटरीचा झोत टाकला की पेल्याच्या कडेला लालसर झाक दिसते. शोषलेला उजेड रेणू लाल रंगात परत टाकीत असतो. हे रंगद्रव्य उजेड ओळखण्याचे नव्हे, तर अन्न तयार करण्यासाठी उजेड गोळा करण्याचे काम करते, एवढा फरक लक्षात ठेवावा.

आता त्यातले थोडे पाणी वाटीत घेऊन ती वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरावी. बघता बघता निळा रंग फिका पडत जातो. रंगीत रेणू नाहीसा झालेला नसतो, तो प्रथिनाला चिकटलेलाच असतो. परंतु उष्णतेने प्रथिनाची घडी मोडल्यामुळे त्याला ताणून धरणारी खोबणी उरत नाही, तो कुरळ्या केसासारखा गुंडाळला जातो आणि लाल उजेड पूर्वीसारखा शोषू शकत नाही. सगळ्या प्रयोगांत मला हा सर्वांत प्रिय आहे, कारण रंगद्रव्य म्हणजे नुसता रंग नसून रंग आणि त्याला धरणारे प्रथिन यांची जोडी असते, ही गोष्ट मुलांना शब्दांनी कितीही सांगितली तरी कळत नाही आणि या वाटीत अर्ध्या मिनिटात कळते.

निळ्या उजेडाच्या रंगद्रव्यांसाठी बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी पुरे. ती कुटून पाण्यात टाकावी, गाळावी आणि नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली अंधारात पाहावी. पाणी पिवळट-हिरवे चमकते. ही चमक ब-२ जीवनसत्त्वाची, म्हणजेच फ्लेव्हिनची. त्याच पाण्याचा अर्धा भाग उन्हात ठेवून काही तासांनी पुन्हा पाहिले तर चमक उतरलेली असते, कारण सुटा फ्लेव्हिन उजेडाने मोडतो. जांभळ्या दिव्याकडे थेट पाहू नये.

मूग, लाल दिवा आणि पळसाची पाने

मूग आठ तास भिजवून तीन सारख्या वाट्यांत ओल्या वाळूवर पेरावा, प्रत्येक वाटीत पंचवीस दाणे, आणि तिन्ही वाट्या पेटीत ठेवाव्यात. पहिली वाटी पाच दिवस उघडायचीच नाही. दुसऱ्या वाटीला तिसऱ्या दिवसापासून रोज रात्री एकदा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटे लाल उजेड द्यावा. त्यासाठी सायकलच्या मागच्या बाजूचा लाल एलईडी दिवा चालतो. त्याचा उजेड बरोबर ६६० नॅनोमीटरचा नसला तरी फायटोक्रोमचे शोषण बरेच पसरट असल्याने तो पुरतो. साध्या पांढऱ्या दिव्यावर लाल जिलेटीन कागद लावू नये. तो कागद दूर-लाल उजेडही आरपार जाऊ देतो; जुना पिवळा बल्ब असेल तर त्यात तो उजेड खूपच असतो, आणि मग आपण एकाच वेळी कळ चालू आणि बंद करीत बसतो.

पाचव्या दिवशी दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या की फरक ताबडतोब दिसतो. पहिल्या वाटीतले कोंब लांबच लांब, पांढुरके, मान आकड्यासारखी खाली वळलेली आणि पाने पिवळट, मिटलेली. ही लांबी म्हणजे आजार नव्हे. मातीखाली दबलेल्या कोंबाने वरची माती फोडून बाहेर पडावे, तोवर कोवळी पाने घासली जाऊ नयेत, म्हणून मान वाकवून वर जाण्याची ही त्याची रीत आहे. दुसऱ्या वाटीतले कोंब तुलनेने आखूड, मान सरळ होऊ लागलेली आणि पाने उघडू लागलेली दिसतात. परंतु ती फारशी हिरवी झालेली नसतात, कारण दिवसातून दहा मिनिटांच्या उजेडावर हरितद्रव्य फारसे तयार होत नाही. उजेडाचे अन्न होणे आणि उजेड कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

तिसऱ्या वाटीसाठी दूर-लाल उजेड हवा. ७३० नॅनोमीटरचे छोटे एलईडी विकत मिळतात आणि मिळाल्यास तेच घ्यावेत. टीव्हीचा रिमोट किंवा रात्री दिसणारे कॅमेरे जो अदृश्य उजेड टाकतात तो ८५० ते ९४० नॅनोमीटरचा असतो. फायटोक्रोमच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नाही. एलईडी मिळाले नाहीत तरी अडत नाही, कारण दूर-लाल उजेडाची चाळणी आपल्या रानात फुकट उभी आहे. हिरवे पान निळा आणि लाल उजेड शोषून घेते, दूर-लाल मात्र बराचसा पलीकडे जाऊ देते. उघड्या उन्हात लाल आणि दूर-लाल यांचे प्रमाण जवळपास बरोबरीचे, म्हणजे सुमारे १.१५ असते, दाट झाडोऱ्याखाली ते ०.१ ते ०.२ इतके खाली येऊ शकते. गचपणातले रोप लांबट आणि लुकडे होते ते नुसत्या उजेडाच्या कमतरतेने नव्हे. शेजारच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडाच्या रंगावरून त्याला गर्दी कळते आणि ते वर धावते. कपाशी दाट झाली की पऱ्हाटी उंच जाते, त्यातही या कारणाचा वाटा असतो.

बुटांच्या खोक्याच्या झाकणाला चार बोटे लांब-रुंद चौकोन कापावा. त्यावर पळसाची ताजी, जाड, डाग नसलेली तीन पाने एकावर एक ठेवावीत आणि कडा काळ्या चिकटपट्टीने अशा बंद कराव्यात की पानांतून गाळल्याशिवाय उजेड आत जाणार नाही. पत्रावळीसाठी वाळविलेली पाने चालत नाहीत. चाळणीचे काम हरितद्रव्य करते आणि ते ताज्या पानातच असते. या वाटीला दिवसा, भर दुपारी, अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटे लाल उजेड द्यावा आणि लगेच वाटी पानाच्या खोक्यात बंद करून खोके पाच मिनिटे उन्हात नेऊन परत पेटीत ठेवावे. तुलना निर्दोष हवी असेल तर या दिवसांत दुसऱ्या वाटीलाही रात्रीऐवजी दुपारीच लाल उजेड द्यावा.

तिसऱ्या वाटीतील कोंब पहिल्या वाटीकडे झुकलेले, म्हणजे दुसऱ्यापेक्षा लांब आणि मान वाकलेले मिळतात. ते हुबेहूब पहिल्यासारखे होतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. झाडात फायटोक्रोम एकच नसते. त्यांपैकी ए नावाचा प्रकार अंधारातल्या कोंबात साठलेला असतो आणि त्याला इतका थोडा उजेड पुरतो की दूर-लालनेही तो थोडासा जागा होतो. म्हणूनच पानाच्या खोक्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये. तासभर ठेवल्यास निकाल उलटाच लागू शकतो. प्रत्येक वाटीतील सर्व कोंब मोजपट्टीने मोजून सरासरी काढावी, निवडक चार कोंबांवर निष्कर्ष काढू नये.

कोंब कोणत्या रंगाकडे वाकतो

गव्हाचे दाणे पेटीत तीन-चार दिवस ठेवले की वर एक नळीसारखे आवरण येते आणि पहिले पान अजून त्याच्या आतच असते. हीच अवस्था हवी. दोन खोक्यांना कोंबाच्या उंचीवर एका बाजूला बारीक फट पाडावी, एका फटीबाहेर निळा एलईडी आणि दुसरीबाहेर लाल एलईडी लावावा, आणि तीन तास थांबावे. निळ्याकडचे कोंब फटीकडे वाकलेले असतात. लाल उजेडाचे सरळ उभे असतात, जणू त्यांना बाजू कळलीच नाही. फोटोट्रॉपिनचा फ्लेव्हिन लाल उजेड शोषतच नाही, मग कळणार कसे?

याच प्रयोगात काही कोंबांच्या टोकांवर चांदीच्या कागदाच्या तांदळाएवढ्या टोप्या चढवाव्यात. टोपीवाले कोंब निळ्या उजेडातही जवळजवळ वाकत नाहीत, यद्यपि वाक येतो तो टोकाच्या खालच्या भागात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली एका गवताच्या कोंबांवर टोप्या चढवून हेच पाहिले होते. टोकाला उजेड कळतो, तेथील ऑक्सिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त उतरते, ती बाजू जास्त वाढते आणि कोंब उजेडाकडे कलतो. टोपी घालताना कोंब मोडू नये यासाठी मुलींच्या हातांवर माझा जास्त विश्वास बसला आहे. रांगोळीचा सराव असलेले बोट येथे फार कामी येते.

तणांच्या बियांचा एक छोटा प्रयोग येथेच सांगून ठेवतो. वखरलेल्या वावरातून अमावास्येच्या आसपासच्या रात्री, अंधारातच, बोटभर खोलीची माती खणून दोन पसरट थाळ्यांत घ्यावी आणि ओली करावी. एक थाळी पेटीत ठेवावी, दुसरी उजेडात. दहा-बारा दिवसांत उजेडातल्या थाळीत बहुधा कितीतरी जास्त तण उगवते. चाकवतासारख्या बारीक बियांच्या पुष्कळ तणांना उगवणीसाठी उजेडाचा इशारा लागतो आणि डवरणीच्या वेळी माती उलटली की तो त्यांना क्षणभर मिळून जातो.

पुन्हा धुऱ्यावरच्या दिव्याकडे

सोयाबीन आणि तूर ही दोन्ही लहान दिवसाची पिके आहेत. खरे म्हणजे ती मोठ्या रात्रीची पिके आहेत. नागपूरच्या आसपास जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो आणि डिसेंबरात तो सुमारे १० तास ५० मिनिटांवर येतो. रात्र वाढत चालली हे ओळखून ही पिके फुलावर येतात आणि पुढे शेंगा भरून पिकतात. अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी १९२० साली दिवसाच्या लांबीचा हा प्रभाव प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या हाताखालच्या वनस्पतींत तंबाखूबरोबर बिलॉक्सी नावाचे सोयाबीनही होते. ते कितीही मागेपुढे पेरले तरी फुलत मात्र जवळपास एकाच सुमारास होते. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी लांडग्यावर, म्हणजे उकिरड्यावर वाढून धोतराला काटेरी फळे चिकटविणाऱ्या शंकेश्वरावर, असे दाखविले की लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा दाखविला तरी झाड ती रात्र मोजत नाही. रात्र तोडण्यात लाल उजेड सर्वांत प्रभावी ठरतो आणि त्यामागोमाग दिलेला दूर-लाल तो परिणाम पुसतो, हे नंतर कळले. म्हणजे तेथेही पहारेकरी फायटोक्रोमच.

हे कुंड्यांतही पाहता येते. जुलैत सहा कुंड्यांत सोयाबीन लावावे, वीस दिवसांची रोपे झाली की तीन कुंड्या रात्रभर जळणाऱ्या ओसरीच्या दिव्याखाली आणि तीन संपूर्ण अंधार असलेल्या परसात ठेवाव्यात. दिवसा मात्र सहाही कुंड्या एकाच उन्हात आणाव्यात. रोजच्या नेआणीचा हा कंटाळवाणा भाग टाळला तर प्रयोगाला काहीच अर्थ राहत नाही, कारण मग ऊन कमी-जास्त मिळाल्याचा आक्षेप घेता येतो.

वावरात जागलीसाठी दिवा लावणे अटळ असेल तर मंद म्हणून लाल बल्ब लावण्याचा विचार करू नये. माणसाच्या डोळ्यांना सौम्य वाटणारा तो रंगच सोयाबीनची रात्र सर्वांत जास्त मोडतो. दिव्याला टोपी लावून झोत वाटेकडे किंवा पडीक जमिनीकडे वळवावा, आणि चाहूल लागल्यावरच पेटणारा दिवा मिळत असेल तर तो घ्यावा. आपल्या दिव्याचा परिणाम किती दूर पोचतो हे पाहण्यासाठी खांबापासून दर पाच पावलांवर, पिकाच्या ओळीतच, एकेक खुंटी ठोकावी आणि त्या जागी पहिले फूल कधी दिसले याची तारीख खुंटीवरच लिहावी. शिसपेन्सिलनेच लिहावी, बॉलपेनची शाई श्रावणातल्या पावसात टिकत नाही.